विभाग-व्यवस्थापनाची बूटेबल डिस्क : दोषस्थान आणि दक्षता

१. प्रश्नाचे स्वरूप

बोलींच्या क्षेत्रीय अभ्यासात ध्वनिमुद्रणाला आता मूळ साधनाचे स्थान प्राप्त झाले आहे. सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येक नमुन्यास २४ बिट आणि दोन वाहिन्या या मापाने केलेले एक तासाचे असंक्षेपित मुद्रण सुमारे १०४ कोटी बाइट जागा व्यापते. म्हणजे शंभर तासांचा संग्रह, जो जमविण्यास एखाद्या संशोधकाची दोन-तीन वर्षे सहज खर्ची पडतात, तो तळहातावर मावणाऱ्या एका हार्ड डिस्कच्या लहानशा भागात सामावतो. या सोयीची दुसरी बाजू अशी की, ती डिस्क एके दिवशी संगणकास जोडली असता तीवर काहीच नाही असे दिसू लागले, तर गेलेली वस्तू पुन्हा मिळविता येईलच असे नाही. ज्या वृद्ध निवेदकांचे बोलणे मुद्रित केले, त्यांतील काही तोपर्यंत हयात नसतात.

अशा प्रसंगी जे साधन सुचविले जाते ते म्हणजे विभाग-व्यवस्थापनाची बूटेबल डिस्क, अर्थात जिच्यावरून संगणक स्वतंत्रपणे सुरू होतो आणि हार्ड डिस्कवरील पार्टिशने पाहता, हलविता, लहानमोठी करता येतात अशी तबकडी. लिनक्सवर आधारलेली जीपार्टेड लाइव्ह ही तिचे विनामूल्य व सर्वपरिचित उदाहरण होय. परंतु ही डिस्कही पुष्कळदा सुरू होत नाही, आणि मग मनुष्य आगीतून फुफाट्यात पडतो. मूळ चिंता एकीकडे राहते, साधनाशी झटापट सुरू होते, आणि त्या घाईत एखादी अशी कळ दाबली जाते की, तोवर केवळ अदृश्य असलेली सामग्री खरोखरच नष्ट होते.

या साधनाचे दोष कोणत्या टप्प्यावर उद्भवतात, ते कोणत्या चिन्हावरून ओळखावेत आणि साधन सुरू झाल्यावर कोणती मर्यादा पाळावी, एवढ्यांचा विचार येथे करावयाचा आहे. ‘डिस्क बूट होत नाही’ ही तक्रार एका वाक्यात केली जात असली, तरी तिच्या पोटी निदान पाच भिन्न अवस्था दडलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्यावाचून उपाय सापडत नाही.

२. विभाग आणि त्यांची सारणी

हार्ड डिस्क म्हणजे क्रमांक दिलेल्या समान कप्प्यांची एक लांबच लांब ओळ होय. या कप्प्यास सेक्टर म्हणतात आणि त्याचे रूढ माप ५१२ बाइट आहे. अलीकडील डिस्कांत आतील माप ४,०९६ बाइट असते. विभाग ही या ओळीतील कोणतीही भौतिक भिंत नव्हे. अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंत एक विभाग समजावा, एवढी नोंद डिस्कच्या आरंभी केलेली असते. या नोंदींचा जो लहानसा तक्ता, त्यास विभाग-सारणी म्हणता येईल.

मराठी वाचकास याची कल्पना मोडी लेखनावरून चटकन येईल. मोडीत आधी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहिण्याची प्रथा होती. शब्द कोठे तोडावयाचा हे वाचणारा ठरवी. ‘तीनदिसली’ एवढी अक्षरे सलग आली, तर ‘तीन दिसली’ असेही वाचता येते आणि ‘ती न दिसली’ असेही. तोड बदलली की अर्थ पालटतो, परंतु कागदावरील शाई जागची हलत नाही. विभाग-सारणीचा आणि डिस्कवरील सामग्रीचा संबंध नेमका असाच आहे. सारणी बिघडली म्हणजे तोड चुकली. शाई पुसली गेली असे नव्हे. शाई पुसली जाते ती पुढे, जेव्हा चुकीच्या तोडीवर विश्वासून कोणी नवे लेखन करतो तेव्हा.

सारणीच्या दोन पद्धती आज आढळतात. पहिली मास्टर बूट रेकॉर्ड अथवा एमबीआर ही १९८३ मध्ये, आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाला हार्ड डिस्कची जोड मिळाली तेव्हा, डॉस २.० बरोबर आली. तिची सारी व्यवस्था पहिल्या ५१२ बाइटांत आहे : ४४६ बाइट आरंभीच्या आज्ञांस, ६४ बाइट विभागांच्या चार नोंदींस आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेस. प्रत्येक नोंदीत सेक्टरांची संख्या ३२ बिटांत लिहिली जात असल्याने ५१२ बाइटांच्या मापाने सुमारे २.२ लक्ष कोटी बाइटांपलीकडील जागा या पद्धतीस सांगताच येत नाही. या सारणीची दुसरी प्रतही कोठे ठेवलेली नसते.

दुसरी पद्धत जीपीटी. ती यूईएफआय या नव्या आरंभव्यवस्थेचा भाग होय. तीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते, मजकूर शाबूत आहे की नाही हे पडताळणारा अंक असतो, आणि सारणीची एक प्रत आरंभी व दुसरी डिस्कच्या अगदी शेवटी लिहिलेली असते. पहिली प्रत बिघडली तरी दुसरीवरून काम चालविता येते. जुन्या पद्धतीचे साधन भुलून डिस्क रिकामी समजू नये, म्हणून पहिल्या सेक्टरात एक संरक्षक एमबीआरही ठेवलेला असतो.

३. आरंभाची साखळी

विभागांत फेरबदल करण्यास वेगळी बूटेबल डिस्क का लागते, याचे उत्तर सोपे आहे. चालू असलेली संगणकप्रणाली स्वतःच एका विभागावर उभी असते. तिने तोच विभाग कापावयास घेणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविणे होय. म्हणून बाहेरून आणलेल्या तबकडीवरून दुसरी प्रणाली स्मृतीत उतरवावी आणि हार्ड डिस्क निश्चल असताना तिच्यावर काम करावे, अशी ही योजना आहे.

संगणक सुरू होताना प्रथम त्याच्या पटलावरील फर्मवेअर जागे होते. फर्मवेअर एखादे माध्यम निवडते, त्यावरील आरंभक शोधते, आरंभक कर्नलला स्मृतीत आणतो, आणि कर्नल उर्वरित प्रणाली उभी करतो. तबकडीवरून सुरुवात करण्याचा संकेत एल टोरिटो या नावाने १९९५ मध्ये निश्चित झाला. त्यानुसार शून्यापासून मोजता तबकडीच्या १६ व्या सेक्टरात तिचे सामान्य वर्णन व १७ व्या सेक्टरात आरंभनोंद असते, आणि ती नोंद एका लहानशा सूचीकडे बोट दाखविते. या सूचीत जुन्या बायोससाठी एक आणि यूईएफआयसाठी एक अशा दोन वाटा देता येतात. पेन ड्राइव्हची रीत निराळी. तेथे बायोस पहिला सेक्टर वाचते, तर यूईएफआय फॅट पद्धतीच्या विभागात ठराविक नावाची आरंभक फाइल शोधते. आज बहुतेक लॅपटॉपांत तबकडीचा खण उरलेला नाही आणि तिची जागा पेन ड्राइव्हने घेतली आहे, तरी ‘बूट डिस्क’ हा शब्द मात्र टिकून राहिला.

या साखळीत प्रत्येक कडी पुढच्या कडीच्या हाती काम सोपवून निवृत्त होते. तेव्हा पडद्यावर शेवटचे काय दिसले, हेच दोषाचे स्थान सांगते. तक्रार नोंदविताना ‘बूट होत नाही’ एवढेच न लिहिता शेवटचा संदेश शब्दशः उतरवून घ्यावा.

४. तुटीची पाच स्थाने

पहिले स्थान माध्यमाचे. संगणक तबकडीकडे ढुंकूनही न पाहता नेहमीची प्रणाली सुरू करतो, तेव्हा आधी तबकडी दुसऱ्या संगणकात उघडून पाहावी. तीवर आयएसओ या प्रत्ययाची एकच मोठी फाइल दिसली, तर प्रतिमा तबकडीवर उतरविण्याऐवजी केवळ फाइल म्हणून ठेवली गेली आहे. फणसाच्या गऱ्यांऐवजी अख्खा फणसच पानात वाढावा, तसा हा प्रकार. योग्य रीतीने उतरविलेल्या तबकडीवर ‘ईएफआय’, ‘लाइव्ह’ अशा नावांचे फोल्डर दिसतात. फोल्डर दिसूनही शंका असल्यास मूळ आयएसओ फाइलचा पडताळणी-अंक प्रकाशित अंकाशी ताडून पाहावा. एक जरी बाइट बदलला असेल तरी हे अंक जुळत नाहीत.

दुसरे स्थान निवडीचे. माध्यम निर्दोष असूनही फर्मवेअरच्या क्रमात हार्ड डिस्क आधी असू शकते. सुरू होतानाच एफ१२, एफ११, एफ९ अथवा एस्केप यांपैकी त्या यंत्रास लागू असलेली कळ दाबली असता तात्पुरती निवडसूची येते. तीत एकच माध्यम कधी दोनदा आढळते, एकदा ‘यूईएफआय’ या उपपदासह व एकदा त्यावाचून. यांत द्विरुक्ती नाही. त्या दोन निरनिराळ्या वाटा आहेत. जुन्या तबकडीवर केवळ बायोसची वाट असते, आणि नव्या यंत्रांतून बायोसचा मार्ग पुष्कळदा काढून टाकलेला असतो. अशा वेळी तबकडी सूचीतच येत नाही. तेथे नवी आवृत्ती उतरविणे हाच उपाय. फर्मवेअरमधील मांडणी उलटसुलट करीत बसण्यात अर्थ नाही.

तिसरे स्थान परवान्याचे. सिक्युअर बूट ही व्यवस्था २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून सर्वत्र पसरली. आरंभकावर मान्यताप्राप्त स्वाक्षरी नसेल, तर फर्मवेअर त्यास उंबरठ्यावरच अडविते आणि सुरक्षाभंगाचा संदेश देते. एकदा मान्य झालेली स्वाक्षरी पुढे रद्दही होऊ शकते. २०२० मध्ये ‘बूटहोल’ या नावाने ओळखला गेलेला दोष उघडकीस आल्यानंतर जुने आरंभक बाद करण्याची प्रक्रिया सुरू झाली, आणि ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुधारणेनंतर अनेक संगणकांवर आदल्या दिवसापर्यंत चालणारी लिनक्स माध्यमे अचानक नाकारली गेली. तेव्हा ‘ही तबकडी मागच्या वर्षी चालली होती’ हा पुरावा येथे निरुपयोगी ठरतो. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करता येते. पण डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास विंडोज पुढील वेळी ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागण्याचा संभव असतो. ती किल्ली हाती असल्याची खात्री आधी करून घ्यावी.

चौथे स्थान कर्नलच्या पुनर्वाचनाचे. जीपार्टेडची निवडसूची दिसते, कर्नल सुरू होतो, अक्षरांच्या ओळी सरकतात, आणि मग ‘लाइव्ह फाइलव्यवस्था असलेले माध्यम सापडत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येऊन सारे थांबते. ज्या तबकडीवरून कर्नल आला तीच त्यास सापडू नये, याचे नवल वाटते. परंतु येथवर वाचनाचे काम फर्मवेअर करीत होते. कर्नलने सूत्रे हाती घेताच त्यास तीच तबकडी स्वतःच्या साधनांनी नव्याने शोधावी लागते, आणि तेथे एखाद्या यूएसबी जोडणीशी त्याचे जुळत नाही अथवा ओरखडा पडलेला भाग वाचता येत नाही. माध्यम दुसऱ्या यूएसबी खाचेत लावणे, तबकडी कमी वेगाने पुन्हा लिहिणे, हे येथील उपाय होत.

पाचवे स्थान दृश्याचे. ओळी सरकल्यानंतर पडदा काळा पडतो. प्रणाली मात्र आतून चालू असते. चित्रदर्शक भागाशी कर्नलचा मेळ बसलेला नसतो. निवडसूचीत सुरक्षित चित्रमांडणीचा एक पर्याय असतो, तो घेतला असता बहुधा काम भागते. सूचीतील आणखी एका पर्यायाने सारी प्रणाली स्मृतीत उतरवून घेता येते, आणि मग माध्यम काढून टाकले तरी चालते. डळमळीत जोडणीच्या यंत्रांवर तो विशेष उपयोगी आहे.

५. ‘अनअलोकेटेड’ या शब्दाचा अर्थ

साधन सुरू झाले म्हणजे अडचण संपली असे नाही. खरी परीक्षा येथून पुढे असते, कारण आतापर्यंतच्या कोणत्याही दोषाने हार्ड डिस्कवर एक अक्षरही लिहिले गेलेले नाही.

कधी हार्ड डिस्क सूचीतच दिसत नाही. फर्मवेअरमध्ये साठवणयंत्रणा रेड पद्धतीवर ठेवलेली असल्यास काही लॅपटॉपांत असे घडते. ती मांडणी बदलता येते, पण पूर्वतयारीवाचून बदलल्यास मूळ विंडोज सुरू होणे बंद पडते. कधी विभाग दिसतो, परंतु त्याचा आकार बदलण्यास साधन नकार देते. विंडोज ८ पासून आलेल्या जलद-आरंभ सोयीमुळे संगणक बंद केला तरी तो अर्धवट निद्रेत जातो आणि एनटीएफएस विभाग उघडाच राहतो. विंडोजमधून पूर्णपणे बंद करून परत आल्यास हा नकार मावळतो. असा नकार हा दोष नसून रक्षण होय. त्यास बळाने डावलू नये.

परंतु सर्वांत अनर्थकारक प्रसंग म्हणजे संपूर्ण डिस्क ‘अनअलोकेटेड’ अशी, एकाच करड्या पट्टीच्या रूपाने दिसणे. वाचणारा याचा अर्थ ‘रिकामी’ असा करतो. वस्तुतः हे विधान सारणीविषयी आहे, सामग्रीविषयी नाही. सारणीतील दोन विभाग एकमेकांवर चढलेले असले, अथवा एखाद्याचा शेवट डिस्कच्या शेवटापलीकडे पडत असला, तरी जीपार्टेड सारी सारणी अग्राह्य मानून हाच शब्द दाखविते. विंडोजही अशा वेळी डिस्क ‘इनिशियलाइझ’ करावी काय, ‘फॉर्मॅट’ करावी काय, असे नम्रपणे विचारते. या प्रश्नांस होकार देणे म्हणजे न वाचता आलेल्या पोथीवर चुना फासून नवी अक्षरे लिहू लागणे होय.

एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. बाहेरून जोडावयाच्या काही मोठ्या डिस्कांच्या पेटीतील जोडपट्टी सेक्टरचे माप ४,०९६ बाइट असे सांगते. पहिला विभाग २५६ व्या सेक्टरापासून सुरू होत असेल, तर तो आरंभापासून २५६ × ४,०९६ म्हणजे १०,४८,५७६ बाइटांवर असतो. पुढे पेटी निकामी झाली आणि आतील डिस्क काढून थेट संगणकास जोडली, तर तीच डिस्क आपले माप ५१२ बाइट असे सांगू लागते. आता २५६ चा अर्थ १,३१,०७२ बाइट असा होतो, आणि तेथे विभागाचा आरंभ नसतोच. सारणी असावी त्या जागीही ती आढळत नाही. डिस्कवरील एकही बाइट बदललेला नाही. बदलले ते मोजण्याचे एकक. तशीच दुसरी पेटी मिळविली, की सर्व विभाग पूर्ववत दिसतात. ज्याने घाईने नवी सारणी लिहिली, त्याने मात्र साधी गोष्ट अवघड करून ठेवलेली असते.

६. लेखनापूर्वीचा क्रम

यावरून जो क्रम निष्पन्न होतो तो थोडक्यात असा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल अथवा ती मध्येच लुप्त होत असेल, तर ती तत्काळ थांबवावी. यांत्रिक बिघाडावर विभाग-सारणीचा उपाय चालत नाही. तसे काही नसल्यास प्रथम संपूर्ण डिस्कची सेक्टरवार प्रतिमा दुसऱ्या, तिच्याहून मोठ्या डिस्कवर घ्यावी. जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन वाचता येणारे भाग आधी उचलते, अवघड भाग नंतर, आणि झालेल्या कामाची नोंद ठेवते, त्यामुळे काम मध्येच तुटले तरी तेथूनच पुढे चालू करता येते. येथे स्रोत कोणता व लक्ष्य कोणते याची अदलाबदल झाली तर सर्वनाश ओढवतो, म्हणून दोन्ही डिस्कांची आकारमाने व अनुक्रमांक कागदावर लिहून ताडून पाहावेत.

प्रतिमा हाती आल्यावर हरवलेल्या विभागांचा शोध तिच्यावर घ्यावा. टेस्टडिस्क हे साधन फाइलव्यवस्थांच्या आरंभखुणा शोधून जुन्या सीमा सुचविते आणि सारणी लिहिण्याआधी त्या सीमांतील फाइलींची यादीही दाखविते. मुद्रणांची परिचित नावे त्या यादीत दिसली, तरच ती तोड बरोबर समजावी. जीपार्टेडमध्येही आज्ञा प्रथम केवळ रांगेत लागतात. ‘अप्लाय’ ही कळ दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. ती कळ हीच या साऱ्या व्यवहारातील सीमारेषा आहे. विभागाचा आरंभ सरकविण्याची आज्ञा दिल्यास त्यातील सामग्री प्रत्यक्ष हलविली जाते, त्यास कित्येक तास लागू शकतात, आणि मध्येच वीज गेली तर अर्धे पान एका ओळीवर व अर्धे दुसऱ्या ओळीवर अशी स्थिती होते. यूपीएस नसेल तेथे हे काम हाती घेऊ नये.

सॉलिड-स्टेट डिस्कच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. तेथे नवी फाइलव्यवस्था बनविताना मोकळी जागा सोडून दिल्याची सूचना बहुधा डिस्कला दिली जाते, आणि त्यानंतर जुना मजकूर परत मिळण्याची आशा जवळजवळ राहत नाही. मोडी कागदाची उपमा तेथे अपुरी पडते. शाई खरोखरच उडून जाते.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र संकटापूर्वीचा आहे. लिनक्समधील एसएफडिस्क या आज्ञेने विभाग-सारणी साध्या मजकुराच्या रूपात उतरविता येते. प्रत्येक विभागाचा आरंभ, लांबी, प्रकार आणि सेक्टरचे माप एवढाच तो मजकूर असतो, आणि चार-पाच विभागांच्या डिस्कचा तक्ता एका पानावर मावतो. मुद्रणसंग्रहाच्या सूचिपत्रास ते एक पान जोडून ठेवले, तर सारणी पुसली गेली तरी ती हातानेही पुन्हा लिहिता येते. अर्थात संग्रहाच्या दुसऱ्या प्रतीची जागा हे पान घेऊ शकत नाही. सारणी वाचली आणि डिस्कच निकामी झाली, तर त्या पानाचा काही उपयोग नाही.

७. समारोप

बूटेबल डिस्कचे दोष गूढ वाटतात ते सर्वांना एकच नाव दिल्यामुळे. माध्यम, निवड, परवाना, पुनर्वाचन आणि दृश्य अशी स्थाने वेगळी केली की, प्रत्येकाचे चिन्ह वेगळे व उपायही वेगळा असल्याचे दिसून येते. या पाचही दोषांत हार्ड डिस्कवरील संग्रह अबाधित राहतो, म्हणून तेथे वेळ लागला तरी हानी नाही. हानी होते ती साधन सुरू झाल्यानंतर, न दिसणे म्हणजे नसणे असा अर्थ लावून पहिली नवी सारणी लिहिली जाते तेव्हा. जीर्ण हस्तलिखित हाती आले असता अभ्यासक प्रथम त्याची प्रत करवितो, पाठ प्रतीवर लावतो आणि मूळ पानावर लेखणी टेकवीत नाही. हार्ड डिस्कच्या बाबतीतही हाच नियम पाळावा.